नानीची कॅसेट आणि दोन हार्ड डिस्क

अहमदपूरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "आपा, अस्सलामु अलैकुम. घरात लग्नांच्या सीड्या, उमऱ्याचे फोटो, मुलांच्या गॅदरिंगचे व्हिडिओ, मरहूम सासऱ्यांच्या आवाजातली नातशरीफ असं बरंच साठलंय. मोबाइल भरला, लॅपटॉपही भरला. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो एसएसडी घ्या. इथला दुकानदार म्हणतो हार्ड डिस्क घ्या आणि घेताय तर मोठीच घ्या. तुम्ही कोणती घेतली ते लिहा."

कोणती घेतली ते लिहिते. पण त्याआधी काय घालवलं ते लिहावं लागेल, कारण ते घालवल्याशिवाय मलाही यातलं काही कळलं नव्हतं.

माझी नानी कंधारचीच. पिठाची गिरणी गावात येऊन किती वर्षं झाली होती, तरी डाळ भरडायला, मसाला दळायला तिला घरचं जातंच लागायचं, आणि जात्यावर बसली की ती गायची. दखनीत. तिची आई गायची तीच गाणी. आपल्या मराठी शेजारणी जात्यावर ओव्या म्हणायच्या, तसा दखनी बायकांचा चक्कीनामा. सतराव्या शतकात विजापूरच्या सूफींच्या परंपरेत असे चक्कीनामे, चर्खानामे, लोरीनामे रचले गेले आणि बायकांच्या तोंडी राहिले. नानीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त गाणं येत होतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. कंधारलाही हादरा बसला, फडताळातली भांडी खाली आली. पुढे कितीतरी रात्री आम्ही अंगणात झोपलो. त्या हिवाळ्यात मामू टू-इन-वन घेऊन नानीच्या जात्याशेजारी बसले आणि साठ मिनिटांची एक कॅसेट दोन्ही बाजूंनी भरून घेतली. असं त्यांना का वाटलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. घराघरांतली माणसं एका पहाटेत गेल्याच्या बातम्या सगळेच ऐकत होते. नानी १९९८ मध्ये गेली.

पुढे माझ्या धाकट्या भावाने ती कॅसेट कॉम्प्युटरला जोडून तिच्या दोन फाइली केल्या. बाजू अ आणि बाजू ब. दोन्ही मिळून साधारण ५५ एमबी. त्या त्याने घरातल्या एकुलत्या एका पोर्टेबल डिस्कवर टाकल्या. काही वर्षांनी घराला रंग द्यायचा निघाला तेव्हा मीच जुन्या कॅसेटींचं खोकं भंगारवाल्याला देऊन टाकलं. "सगळं कॉम्प्युटरवर आहे ना," असं अम्मीला सांगून. हे मी माझ्या हाताने केलं, म्हणून दुसऱ्या कोणाला बोल लावायची सोय नाही.

नंतरच्या एका ईदला पाहुण्यांना फोटो दाखवायचे म्हणून डिस्क टीव्हीला लावली. काही टीव्ही कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवू शकतात, आणि नवी डिस्क लावली की ती आपल्या सोयीची करून घेऊ का असं विचारतात. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न आला. रिमोट पुतण्याच्या हातात होता, त्याने ओके दाबलं. फोटो दिसेनात. आम्हाला वाटलं डिस्क अडकली असेल. संध्याकाळभर ती तशीच टीव्हीला राहिली, आणि मुलांनी मॅचही रेकॉर्ड करून पाहिली.

इथे थांबून एक सांगते, कारण कुणाच्या तरी घरी हे उपयोगी पडेल. साधं फॉरमॅट झालं म्हणजे पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाटते, पानं शाबूत असतात. त्याच क्षणी वायर काढून ठेवली आणि डिस्कला पुन्हा हातच लावला नाही, तर जाणकार माणूस बहुतेक सगळं परत काढू शकतो. पण त्या पानांवर नवीन काही लिहिलं गेलं की खालचं गेलं. आम्ही मॅच लिहिली होती. नांदेडच्या एका कारागिराने दोन दिवस खपून जे काढलं त्यात फाइलींची नावं नव्हती, नुसते आकडे होते. फोटो बरेच निघाले. नानी निघाली नाही.

उदगीरच्या खालाच्या मुलाने कधीतरी तिच्या जुन्या मोबाइलच्या मेमरी कार्डात बाजू अ उतरवून दिली होती. ते कार्ड खालाने तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. ते चाललं. म्हणून आज नानीचा अर्धा तास आमच्याकडे आहे आणि अर्धा तास नाही.

आता भगिनीच्या प्रश्नाकडे येते. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की गेलेली फाइल २८ एमबीची होती. सव्वाशे रुपयांच्या पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यातही ती राहिली असती. त्या डिस्कवर सहाशेहून जास्त जीबी नुसते सिनेमे होते, आणि ते कुठूनही परत मिळतात. म्हणून दुकानात जाण्याआधी घरी बसून दोन फोल्डर करा. एक 'परत मिळणारं' आणि दुसरं 'परत न मिळणारं'. सिनेमे, मोठ्या कारींची तिलावत, अझीझ नाझांच्या कव्वाल्या, मुलांचे अभ्यासाचे व्हिडिओ पहिल्यात. सासऱ्यांची नातशरीफ, निकाहचा खुतबा, अम्मीच्या आवाजातल्या कहाण्या, जुन्या घराचे फोटो दुसऱ्यात. पहिल्यासाठी कसलीही डिस्क चालते, बिघडली तर चार दिवस हळहळ होईल. सगळा विचार करायचा तो दुसऱ्या फोल्डरसाठी.

किती जागा लागेल? घरात सगळेच इथे चुकतात आणि गरजेपेक्षा फार मोठी घेतात. साध्या एमपीथ्री दर्जाचा आवाज मिनिटाला जवळपास एक एमबी घेतो, म्हणजे तास साठ एमबीच्या आत. मोबाइलचा फोटो तीन ते पाच एमबी. लग्नाची एक डीव्हीडी फार तर ४.७ जीबी. जागा खातो तो मोबाइलवरचा व्हिडिओ, साध्या फुल एचडीत तासाला सात-आठ जीबी. आमच्या खानदानाचं सगळं 'परत न मिळणारं' गोळा केलं, अगदी चाचांच्या घरच्या व्हीएचएस कॅसेटींपासून, तर ते २३० जीबी भरलं. त्यातला नुसता आवाज ९ जीबी. आपल्यासारख्या घराला एक टीबी पुष्कळ झाली, वाढत्या मुलांचं घर असेल तर दोन.

एक टीबीची डिस्क लावल्यावर कॉम्प्युटर ९३१ जीबीच दाखवतो. दुकानदाराशी भांडू नका. कंपनी लाख कोटी बाइटना एक टीबी म्हणते, कॉम्प्युटर हजाराऐवजी १०२४ च्या पटीत मोजतो. आठवीच्या वर्गाला हे गणित मी फळ्यावर करून दाखवते, आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, मग बाकीचे ६९ कुठे गेले?"

आता एसएसडी की हार्ड डिस्क. हार्ड डिस्कच्या आत खरोखरच गोल तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात, आणि त्यांच्यावरून केसाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतर ठेवून वाचणारा काटा तरंगतो. म्हणून चालू असताना ती पडली किंवा जोरात हलली तर संपलीच म्हणायची. एसएसडीत फिरणारं काही नाही. माहिती सूक्ष्म कप्प्यांत विजेच्या भाराच्या रूपाने कोंडलेली असते. ती वेगवान आहे, धक्क्याला घाबरत नाही, लॅपटॉपच्या आत घालायला तिच्यासारखी दुसरी नाही. पुण्याचा मुलगा त्या अर्थाने बरोबर सांगतो. पण कोंडलेला भार हळूहळू झिरपतो, आणि उष्णतेत जास्त झिरपतो. कारखानदारांनी मान्य केलेलं प्रमाण असं आहे की घरगुती एसएसडी तिच्या लिहिण्याच्या मर्यादेपर्यंत वापरून झाल्यावर, वीज न देता ३० अंश तापमानात ठेवली तर वर्षभर माहिती टिकली पाहिजे. नवी, कमी वापरलेली यापेक्षा पुष्कळ जास्त टिकते, हेही खरं. तरी आपल्याकडचा मे महिना आठवा. पारा ४२ च्या वर, वर पत्रे, आणि लोखंडी कपाटाला हात लावला तर चटका. जे वर्षा-दोन वर्षांनी एकदा उघडायचं आहे ते मी एसएसडीत ठेवणार नाही. शिवाय तेवढ्याच जागेची एसएसडी हार्ड डिस्कपेक्षा बरीच महाग पडते, आणि त्या फरकाच्या पैशाचं काय करायचं ते पुढे सांगते.

हार्ड डिस्कमध्येही दोन प्रकार. खिशात मावणारी अडीच इंची, लॅपटॉपच्याच विजेवर चालणारी, आणि साडेतीन इंची, जिला स्वतःचा अडॅप्टर लागतो. दुसरीत जागा जास्त आणि त्या मानाने स्वस्त, पण लाइट गेली की ती मधेच बंद पडते. आपल्या गावात लाइट जाण्याबद्दल मी काही सांगायला नको. लिहिता लिहिता वीज तुटणं कुठल्याच डिस्कला मानवत नाही. अडीच इंची घ्या. लॅपटॉपची बॅटरी तिला सांभाळून घेते.

जाणकार भाचे-पुतणे तुम्हाला आणखी एक शब्द ऐकवतील, एसएमआर. घाबरू नका. जास्त जागेच्या पोर्टेबल डिस्कमध्ये लिहिण्याच्या ओळी एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, छपरावर कौलं बसवतात तशा. मधलं एक कौल बदलायचं तर आजूबाजूची उचलावी लागतात, म्हणून जुनं पुसून नवं लिहिताना ती रेंगाळते. रोज काम करणाऱ्या व्हिडिओवाल्याला हे जाचतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या काही डिस्क अशा आहेत हे ग्राहकांना सांगितलंच नव्हतं असं उघड झालं आणि मोठा गदारोळ झाला. आपण मात्र एकदा भरून ठेवणार आणि वाचणार, आपल्याला काही फरक पडत नाही. कंपनीवरूनही फार वाद घालू नका. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या आता तीनच उरल्यात, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बिल आणि वॉरंटी देणाऱ्या दुकानातून यांपैकी कुठलीही घ्या. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आतलं परत मिळत नाही.

पण मोबाइलवर जाहिरात दिसते ना, काही शे रुपयांत दोन टीबीचा पेन ड्राइव्ह, तो चुकूनही घेऊ नका. त्याच्या आत थोडीशीच जागा असते आणि तो कॉम्प्युटरला खोटं सांगतो. तुम्ही भरत जाता, तो "झालं, झालं" म्हणत जातो आणि जुन्यावरच नवं लिहितो. उघडायला जाल तेव्हा कळतं. घरात असा आलाच असेल तर 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचं फुकट सॉफ्टवेअर तो पूर्ण भरून, परत वाचून खरी जागा सांगतं.

आता माझं खरं उत्तर. चार टीबीची एक घेऊ नका. एसएसडीही घेऊ नका. एक टीबीच्या साध्या दोन हार्ड डिस्क घ्या, दोन्हींत तेच भरा, आणि एक दुसऱ्या गावी ठेवा.

अमेरिकेतली बॅकब्लेझ नावाची कंपनी लाखो हार्ड डिस्क चालवते आणि २०१३ पासून त्यांचे आकडे जाहीर करते. तिथे वर्षाला शंभरातल्या साधारण एक-दोन बंद पडतात, त्याही थंड हवेच्या दालनात, जागेवरून न हलता. आपल्या डिस्क एसटीने प्रवास करतात आणि मुलांच्या हाती पडतात. कुठलीही चांगली डिस्क कधीतरी जाणार. दोन्ही एकाच महिन्यात जाणं अवघड. पण एकाच कपाटात दोन्ही ठेवल्या तर ते अवघड राहत नाही. किल्लारीत दगड-मातीच्या रुंद भिंती पडल्या तेव्हा त्या घरात एका वस्तूच्या दहा प्रती असत्या तरी त्या एकाच ढिगाखाली गेल्या असत्या. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात लेंडी धरणाजवळच्या गावांत रातोरात पाणी शिरलं. लोकांना जीव घेऊन बाहेर पडायला वेळ मिळाला नाही, तिथे कपाट कोण उघडणार? पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक घराबाहेर असा नियम सांगितला तो आता जगभर चालतो. आमची तिसरी प्रत म्हणजे गूगलची फुकट १५ जीबी जागा. तिच्यात फक्त आवाजाचे ९ जीबी ठेवलेत. २०२१ च्या जूनपासून तिथे फोटोही या १५ जीबीतच मोजले जातात, म्हणून सगळं तिथे टाकायच्या भानगडीत पडू नका. आणि दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर कंपनी ते काढून टाकू शकते. पासवर्ड घरातल्या आणखी एकाला ठाऊक असू द्या.

हे फक्त घरगुती रडगाणं आहे असं वाटत असेल तर 'आलम आरा' आठवा. भारताचा पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्यात फकिराच्या भूमिकेत वझीर मोहम्मद खानांनी गायलेलं गाणं आपल्या बोलपटांतलं पहिलं गाणं मानतात. आज त्या सिनेमाची एकही प्रत कुठे नाही. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये. तोवर उशीर झाला होता, त्यांच्या हाती ती प्रत कधी आलीच नाही.

आणि उलट उदाहरणही आपल्याच महाराष्ट्रातलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हजाराहून जास्त गावांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त. आधी हाताने कागदावर, मग टेपवर, मग बर्नार्ड बेल यांच्या मदतीने कॉम्प्युटरवर. २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळावर त्या कुणालाही ऐकता येतात. कागद, टेप, कॉम्प्युटर, इंटरनेट. प्रत्येक वेळी नव्या साधनावर उचलून ठेवल्या म्हणून त्या राहिल्या. डिस्क एकदा घेतली की काम संपलं असं होत नाही. पाच-सहा वर्षांनी ती चालत असली तरी नवी घ्यायची आणि सगळं तिच्यावर उतरवायचं.

(गंमत म्हणून सांगते. आयबीएमची जगातली पहिली हार्ड डिस्क १९५६ ची. दोन-दोन फुटांच्या पन्नास तबकड्या, कपाटाएवढं यंत्र, आणि मावायची पन्नास लाख अक्षरं. नानीचा अर्धा तास ठेवायला तसली कित्येक कपाटं लागली असती.)

आमच्या घरात आता पाळतो ते थोडक्यात. या दोन डिस्क टीव्हीला कधीच लागत नाहीत. टीव्हीसाठी वेगळा पेन ड्राइव्ह, त्यात काय हवं ते उतरवून द्यायचं. डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केल्यात, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतात. जुन्या फॅट-३२ मध्ये ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही, लग्नाच्या व्हिडिओला तिथेच अडचण येते. वायर ओढून काढायची नाही, आधी 'सेफली रिमूव्ह'. डिस्क टकटक वाजू लागली तर पुन्हा पुन्हा लावून बघायचं नाही. भर उन्हाळ्यातल्या दुपारी कॉपी करायला बसायचं नाही, काही पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. फजरनंतर बसायचं. आणि मूळ कॅसेट, मूळ निगेटिव्ह भंगारात द्यायचं नाही. हे शेवटचं मी एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवलं आहे.

दुसरी डिस्क उदगीरला खालाकडे असते. हाजी सय्याहच्या उरूसाला ती दरवर्षी कंधारला येते, तेव्हा पिशवीतून डिस्क घेऊन येते. आम्ही दोन्ही लावून बघतो, वर्षभराचं नवीन दोन्हींवर घालतो, आणि ती परत नेते.

पहिल्या वर्षी तिने तो काळा डबा हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, "इत्ते से डब्बे में अम्मा बैठे क्या गे?"

मी लॅपटॉपवर बाजू अ लावली. जात्याची घरघर, मधेच कोंबडीचा आवाज, आणि नानी. तिसाव्या मिनिटाला कॅसेट संपली म्हणून ती ओळीच्या मध्येच तुटते. मामू बाजू पालटणार होते. खोलीत शांतता झाली, आणि खालाने पुढची ओळ म्हटली. मग तिच्या पुढची. तिला सगळं येत नव्हतं, दोनदा अडली, एकदा हसली. मी मोबाइलचं बटण दाबलं तेव्हा ती तिसऱ्या ओळीवर होती. त्या दिवशी अकरा मिनिटं मिळाली. फाइलीला नाव दिलं 'बाजू ब, खाला', आणि ती निघायच्या आधी दोन्ही डिस्कवर टाकली.